पांढऱ्या रंगाखालचा शिलालेख

जगात जे जे लिहिलेलं आहे ते चालत्या बसच्या खिडकीतून वाचता आलं पाहिजे, नाहीतर लिहिणाऱ्याने लोकांची फसवणूक केली असं समजावं, अशा मताचा एकच माणूस मी जन्मात पाहिला आणि नशिबाने मला त्याचाच जावई व्हावं लागलं. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी रस्त्याच्या खात्यात पेंटर होते. पेंटर म्हटलं की लोकांना नाटकाचे पडदे नाहीतर सिनेमाची पोस्टरं आठवतात. मामाजींची कला किलोमीटरच्या दगडांवर चालायची. पांढरं पोट, काळे आकडे, डोक्यावर रंगीत टोपी. पांढुर्ण्याहून सौसर आणि सौसरहून पुढे रामाकोन्यापर्यंतचे सगळे दगड त्यांच्या हातचे होते आणि प्रत्येकाशी त्यांची वेगळी ओळख होती. लग्नाच्या बोलणीत माझ्या वडिलांनी मुलीच्या शिक्षणाची चौकशी केली, तेव्हा ते म्हणाले होते, "मॅट्रिक झाली. अन् तुमच्या घरून आमच्या घरी येतानी मधात एक दगड गायब हाय, तेवढं अंतर कमी धरा." यातून मुलीबद्दल काय समजायचं, हे आमच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पांढुर्ण्याच्या त्यांच्या घरात पाय ठेवला की माणूस वाचायला लागायचा. दारावर 'दार' लिहिलं नव्हतं एवढंच. बादलीवर नाव, पेटीवर नाव, खाटेच्या उशाकडे 'डोके', परड्यातल्या भोपळ्यावर तो वेलाला धरला त्या दिवसाची तारीख. स्वयंपाकघरात डब्यांची रांग, आणि प्रत्येकावर पांढऱ्या पट्ट्यात काळ्या ठसठशीत अक्षरांत हळद, तिखट, मीठ, साखर. आमच्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती आणि ती नसल्याचं दुःखही नव्हतं. जो डबा रिकामा दिसेल त्यात हाताला येईल ते त्या भरत. त्यामुळे त्या घरात फक्त वाचता येणाऱ्यांचा घात व्हायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच मुक्कामात मी कौतुकाने चहा करायला गेलो आणि 'साखर' वाचून चार चमचे मीठ घातलं. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "डब्यावर का पाहता जवाईबुवा, आत पाहा ना बाप्पा!" मामाजींनी तो चहा एक घोट घेऊन खाली ठेवला आणि गंभीरपणे निकाल दिला, "अक्षर बरोबर हाय. सामान चुकलं."

सौसरच्या बाजूचं काम निघालं की त्यांचा मुक्काम आमच्याकडे असायचा, कारण मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. मामाजी गल्लीच्या तोंडाशी आले की रॉकेलचा वास आधी घरात यायचा आणि बायको चुलीवर भाकरीचा तवा चढवायची. आल्यावर ते आधी ब्रशांना आंघोळ घालत, मग स्वतः करत. जेवताना माझ्या तपासलेल्या वह्या उघडून बघत आणि माझ्या लाल शाईतल्या शेऱ्यांवर मान हलवत. "हे तं बैलगाडीतून बी वाचता येत नाही," हे त्यांचं माझ्या अक्षराबद्दलचं कायमचं मत. एकदा बसमधून जाताना एका दुकानाची पाटी त्यांना वाकडी दिसली, तर ते पुढच्या थांब्यावर उतरून उलटे चालत गेले. दुकानदाराला न विचारता त्यांनी ती पाटी सरळ केली, आणि दुकानदार बाहेर आल्यावर त्यालाच, इतके दिवस ती तशी राहिली कशी, म्हणून जाब विचारला.

अशा माणसाला तो दगड सापडायला नको होता. किंवा अशाच माणसाला सापडायला हवा होता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालची गोष्ट असेल. सौसरहून रामाकोन्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक बुटकी टेकडी होती. तिच्या पायथ्याशी, बसलेल्या दोन बैलांएवढा एक काळा दगड. मामाजी त्याच्या सावलीत डबा खायला बसले, पाठ टेकली, आणि पाठीला काहीतरी टोचलं म्हणून वळून बघतात तर दगडावर खुणा. एक फुली, एक झोपडीच्या छपरासारखी खूण, एक गोल, आणि त्यांच्या खाली तीन आडव्या रेघा. शिवाय इकडेतिकडे काही बारीक ओरखडे, जे तिरप्या उन्हात दिसत आणि ऊन डोक्यावर आलं की नाहीसे होत. त्या दिवशी मामाजी डबा तसाच घेऊन आमच्याकडे आले. दारातूनच म्हणाले, "जवाईबुवा, आपल्या आधी कोणीतरी पेंटिंग करून गेलं तिथी."

पुढच्या दसऱ्याला ते नागपूरला गेले आणि तिथल्या बौद्धांच्या मेळाव्यातून एक पातळ पुस्तक घेऊन आले. त्यात जुन्या ब्राह्मी अक्षरांचा तक्ता होता. त्यात फुली म्हणजे 'क', छप्पर म्हणजे 'ग', गोल म्हणजे 'ठ' आणि तीन आडव्या रेघा म्हणजे आकडा तीन. आता क, ग, ठ मिळून काय होतं, ते कोणालाच सांगता येईना. पण आकडा दिसल्यावर मामाजींना दुसरं काही लागणार नव्हतं. ज्या दगडावर आकडा, तो अंतराचा दगड. बौद्ध भिक्खू इथून पायी जात, पुढचा विहार तीन कोसांवर, हे सांगणारा हा मैलाचा दगड, हा सिद्धांत त्यांनी भाकरीचे दोन तुकडे व्हायच्या आत मांडला. "त्यायचं बी एक खातं असनच ना," ते म्हणाले. "अन् त्या खात्यात एक पेंटर."

मग सुट्टीच्या दिवशी सायकल काढून ते दगडापासून तीन कोस जायला लागले. कुठल्या दिशेला, हे दगडावर नव्हतं. म्हणून सगळ्या दिशांना. एका बाजूला तीन कोसांवर नदीचं पात्र आलं, एका बाजूला डिझेलचा पंप आणि तिसऱ्या बाजूला त्यांच्या शाळासोबत्याचा संत्र्याचा बगीचा. हा सोबती म्हणजे सौसरजवळचा एक खाऊन-पिऊन सुखी पाटील. दोघांची मैत्री भांडणावर पोसलेली. पाटलाचं म्हणणं, दगड भोसल्यांच्या शिपायांनी खुणेला ठेवलेला. पळता पळता त्यांनी खजिना पुरला आणि तीन रेघा मारून निघून गेले. मामाजी म्हणत, "खजिना पुरणारा मानूस रस्त्यावर लिहून ठेवन का रे येड्या?" पाटील म्हणे, "अन् तुहे भिक्खू? त्यायनं तं संसार सोडला. मंग त्यायले अंतर काहून पाह्यजे?" असं दोन-तीन महिने चाललं. तीन कोस मोजत मामाजींची सायकल आपल्याच बगीच्यात येऊन थांबली हे मात्र पाटलाच्या मनात घर करून बसलं. एके सकाळी त्याने दोन झाडांच्या मधोमध कमरेएवढा खड्डा खणवला. खाली पिवळी माती लागली. मुळं तुटून दोन्ही झाडं वाळली, आणि पाटील महिनाभर सांगत फिरला की पेंटरच्या भिक्खूंनी माझी संत्री खाल्ली.

तिसरा सिद्धांत एका बुढीचा. ती टेकडीवर बकऱ्या चारायची आणि आमची ये-जा शांतपणे बघायची. एक दिवस तिने आपण होऊन विचारलं, "का पाहून राहिले बा एवढं?" मामाजींनी तिला भिक्खू, विहार, तीन कोस सगळं समजावून सांगितलं. ती तंबाखू मळत ऐकत होती. मग म्हणाली, "माहा बाप तिथी कुऱ्हाड पाजवे." तीन रेघा त्या कुऱ्हाडीच्या. गोल, मोहाची फुलं कुटायचा. फुली पोरांच्या खेळाची. मामाजींचा चेहरा पडत गेला. शेवटी त्यांनी छपरावर बोट ठेवलं. "अन् हे?" बुढीने डोळे बारीक केले, जवळ आली, हात फिरवला आणि म्हणाली, "हे नाही ठाव." मामाजी इतके खूश झाले की त्यांनी डब्यातली अर्धी भाजी तिला दिली.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. त्यामुळे निकालासाठी सगळे माझ्याकडे बघायचे आणि माझी फारच पंचाईत व्हायची. मामाजी बोलत तेव्हा मला भिक्खू चालताना दिसत. पाटलाच्या ओसरीवर बसलं की घोड्यांच्या टापा ऐकू येत. बुढीचं ऐकलं की वाटे, एवढं सोपं असताना आपण कशाला डोकं फोडतोय? शाळेतल्या एका सहकाऱ्याने तर, लेख मराठीच असणार आणि तो वाचला गेला की आपला मराठी भाग इकडे भोपाळच्या राज्यात का ठेवला याचा जाब विचारता येईल, असंही सांगितलं. मला तेही दोन दिवस पटलं होतं. दर वेळी दगडासमोर उभं राहिलो की आधी ठरवलेलं पुसलं जायचं आणि मी नव्याने गोंधळायचो.

एकदा मी वैतागून मामाजींना म्हटलं, "वाचता येत नाही तर सोडून द्या ना. एवढं काय आहे त्यात?" ते ब्रश पुसत होते. पुसता पुसता थांबले. म्हणाले, "आपल्या लोकायचं नाव कुठी हाय, सांगा. जमिनीच्या कागदात नाही. देवळाच्या पायरीवर नाही. माह्या बापाचं नाव त्याच्या मौतीच्या दाखल्यावर बी चुकलं होतं. मी जन्मभर दुसऱ्यायच्या गावायचे नावं लिहिले. हा एक दगड जर आपला निघाला, तं मंग आपण काही काल आलेले नाही." त्यानंतर मी तो दगड सोडून द्या असं कधी म्हटलं नाही.

आणि मग ती टेकडी गिट्टीसाठी दिल्याची बातमी आली. रस्ता रुंद होणार होता, गिट्टी लागणार होती, ठेकेदाराची माणसं सुरुंगाची भोकं पाडायला येणार होती. म्हणजे मामाजींच्याच रस्त्यासाठी मामाजींचा दगड फुटणार होता. त्यांनी अर्ज लिहिले. ते इतके मोठ्या अक्षरांत की एका पानावर दोनच वाक्यं मावायची. कोणता अर्ज कुठे पोचला देव जाणे, पण भोपाळहून जुन्या लेखांचा जाणकार असा एक साहेब बघायला येणार असं पत्र आलं. त्याने हे जुनं आहे असं लिहून दिलं की दगड वाचला. नाहीतर नाही.

साहेब यायच्या आदल्या दिवशी मामाजी दुपारी रंगाचे डबे घेऊन गेले. मी शाळेत होतो, नाहीतर पाय धरले असते. त्यांचा हेतू चांगला होता. साहेब बाराच्या सुमारास येणार, तेव्हा ऊन डोक्यावर, खुणा दिसणार नाहीत. एवढ्या लांबून आलेल्या माणसाच्या डोळ्यांना त्रास कशाला? त्यांनी दगड घासून धुतला, त्याला पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, आणि वाळल्यावर एकेक खूण काळ्या रंगाने भरली. हात एकदा चालायला लागला की तो काही अर्धवट सोडत नसे. झिजलेल्या रेघा त्यांनी पुऱ्या केल्या, वाकड्या होत्या त्या सरळ केल्या, जिथे रेघ असायला हवी असं वाटलं तिथे ओढली आणि चारही बाजूंनी एक किनार मारली. दुसऱ्या दिवशी आम्ही साहेबांना घेऊन गेलो. तेव्हा तो दगड खरंच चालत्या बसमधून वाचता आला असता, फक्त कोणाला ती भाषा यायला हवी होती.

साहेब भला माणूस होता. आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की हे हसण्यासारखं नाही. त्याने दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, नखाने रंग खरवडून बघितला आणि मामाजींना हळू आवाजात विचारलं, "बाबाजी, इसमें कौन-सी लकीर पहले की है और कौन-सी आपकी?"

मामाजी पुढे झाले. बोट एका रेघेवर ठेवलं, उचललं. दुसरीवर ठेवलं. पाटीलही आला होता, तो मागून कुजबुजला, "सगळ्या जुन्याच हायेत म्हन ना बे!" एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं, निदान साहेबाला लिहायला काहीतरी मिळालं असतं. मामाजींनी बोट मागे घेतलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "साहेब, अब मेरेकुच नही समझ रहा," ते म्हणाले. साहेबाने वहीत चार ओळी लिहिल्या, मामाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि जीपमध्ये बसला. महिन्याने कळलं, दगडावरचं काम अलीकडचं आहे असा शेरा गेला होता.

साहेब गेल्यानंतर मामाजी धड जेवायचे नाहीत. आमच्या घरी ते दोन दिवस होते, आणि माझ्या वह्या त्यांनी उघडल्याही नाहीत.

यानंतर जे झालं त्याचा मला अजून नीट उलगडा होत नाही. ठेकेदाराची माणसं आली, टेकडी फोडत फोडत पायथ्याशी पोचली आणि दगडापाशी थांबली. पांढरा रंग, काळी अक्षरं, किनार. मुकादम म्हणाला, हा सरकारी दगड दिसतो, याला हात लावला तर उद्या आपल्यालाच बेड्या. ठेकेदाराने खात्याला विचारलं. खात्यात कोणाला काही माहीत नव्हतं. पण त्या रस्त्यावर जे काही पांढऱ्यावर काळं आहे ते एकाच माणसाचं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मामाजींना कागद आला: सदर दगड आपल्या नोंदीतला आहे काय, लिहून द्यावे.

तो कागद घेऊन ते पांढुर्ण्याच्या घरी खाटेवर बसून होते. 'नाही' लिहिलं तर दगड दुसऱ्या दिवशी फुटणार. 'होय' लिहिलं तर तो वाचणार, पण मग त्यांच्याच सहीने ठरणार की तो खात्याचा आहे, भिक्खूंचा नाही. आणि पुढे कधी कोणी विचारायला आलं तर तोच कागद दाखवणार. माझ्याकडे त्यांनी बघितलं. मी नेहमीप्रमाणे गोंधळलेलो होतो. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमचं म्हननं पाह्यजे का दगड पाह्यजे, एक काय ते सांगा. दोन्ही कोनाले भेटत नाही."

मामाजींनी 'होय' लिहिलं. अगदी बारीक अक्षरात. त्यांचं एवढं बारीक अक्षर मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

दगड नोंदीत आला. नोंदीत आला म्हणजे दर वर्षी रंगवणं आलं. सभोवतालची टेकडी गिट्टी होऊन रस्त्यावर गेली आणि तो एकटा पांढराशुभ्र उभा राहिला. दर दिवाळीनंतर मामाजी जात आणि मागच्या वर्षीच्या रंगावर नवा रंग चढवत. एकदा पावसाने बराच रंग पोपडे धरून उडाला, आणि खालून काळा दगड आणि त्यावरच्या खुणा थोड्या थोड्या दिसायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या ना यंदा, दिसतंय तर दिसू द्या. ते म्हणाले, "रंग गेला का दगड बी गेला, जवाईबुवा." आणि त्यांनी पांढऱ्याचा ब्रश भिजवला. ज्या रेघा वाचण्यासाठी या माणसाने एवढा जिवाचा आटापिटा केला त्या तो दर वर्षी स्वतःच्या हाताने थोड्या आणखी खोल पुरत होता, आणि तसं केलं नसतं तर त्या उरल्याच नसत्या.

मामाजी निवृत्त झाले आणि खात्याचा नवा माणूस तिकडे फिरकेना, म्हणून ते आपल्या पैशाने डबा आणून जात राहिले. मग त्यांचा हात कापायला लागला. त्यांच्या काळ्या रेघा थरथरू लागल्या. मला त्या तशा जास्त जुन्या वाटायच्या, पण हे बोलायची हिंमत झाली नाही. शेवटी नव्वद साल तोंडावर आलं असताना एका वर्षी त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. स्वतः बाजूला धोंड्यावर बसले. बैलगाडीतूनही न वाचता येणाऱ्या माझ्या अक्षराबद्दल त्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत. फुली झाली, छप्पर झालं, गोल झाला. तीन रेघांवरून हात फिरवून मी खालच्या बाजूच्या एका लहानशा तिरप्या रेघेकडे वळलो. ती इतकी क्षुल्लक होती की आजवर तिच्याकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. मी ब्रश टेकवणार तेवढ्यात मामाजी धोंड्यावरून उठले.

"ते राहू द्या," ते म्हणाले. जवळ आले, वाकले, कापऱ्या बोटाने तिच्यावरचा जुना पोपडा काढला. खाली काळ्या दगडात रेघ होती. त्यांनी तिच्यावरून बोट इकडून तिकडे नेलं, परत आणलं.

"हे माही नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून थोडं ओशाळं हसले. "बहुतेक."

मी ब्रश मागे घेतला. आता मामाजी नाहीत. दिवाळीनंतर मी एकटाच जातो. सगळं रंगवतो आणि तेवढी एक रेघ सोडतो.